जळालेली मोटार

सकाळी ७. गडाला हात जोडून गाडीला किक. नगद नारायण महाराजांचा नारायणगड म्हणजे आमच्याकडची धाकटी पंढरी. मी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक, त्यामुळे रोज गड पाठीशी टाकून निघायचं. मार्च लागलाय, विहिरी तळाला गेल्यात.

९.३०. इलेक्ट्रिशियनचं प्रात्यक्षिक. टेबलावर गावातल्या तात्यांची पाच एचपीची सबमर्सिबल, दोन दिवसांपासून खोललेली. त्याआधीच्या रात्री लाईट आली, ऑटोस्विचने मोटार चालू केली आणि बोअरला पाणीच नव्हतं. सबमर्सिबलला गार ठेवतं ते भोवतीचं पाणी. ते सरलं की वायंडिंग भाजतं. पोरांनी जळकं तांबं भंगारासाठी वेगळं काढलंय. आता पॉली वायर एकेक वेढा करून स्लॉटमधून ओवतात, वाकळ शिवावी तशी. वार्निश नाही, कारण या मोटारीच्या पोटातही पाणीच भरायचं असतं. बॉडी, शाफ्ट, स्टेटर सगळं जुनंच. पर्यावरणाचा धडा मी फळ्यावरही लिहून देतो, पण तो खरा इथे होतो.

दुपारी १. डबा. ज्या पोराचा हात सगळ्यात साफ, त्याचे आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर गेलेत. भाकरी तो स्वतःच थापतो. चांगली थापतो.

१.३०. छतावर, सोलर. ‘सर, ऊन तापलं की वीज वाढते ना?’ दरवर्षी कुणीतरी विचारतंच. उजेडाने वाढते, तापाने घटते. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली. पुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट. पॅनेल ६० अंशांवर गेलं तर? पोरांनी तोंडीच काढलं: १४ टक्के. पुसायचं ते पहाटे, तापल्या काचेवर गार पाणी नको. ओलं फडकं पुरतं. बीडमध्ये बादल्या ओतायला पाणी आहे कुठं?

४. मेगरने इन्सुलेशन तपासलं, ठीक. मोटार टेम्पोत. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून गावाच्या कामातूनच शिक्षण उभं केलं. आमच्याकडे गावच टेम्पोत बसून येतं.

६. मोटार बोअरमध्ये उतरवली.

रात्री १०. थ्री फेज आली. स्टार्टर दाबला, पाइप भरून पाणी आलं. वीस मिनिटांत धार तुटायला लागली, पाइप हवा मारू लागला. तात्या म्हणाले, ‘चालू दे की, ऑटोवर टाक.’

‘ऑटो काढलाय, तात्या. तासभर पाणी चढू द्या,’ म्हणत भाकरी थापणाऱ्या पोराने स्टार्टर बंद केला.