पेटी दुसऱ्यांदा उघडताना

खजिन्याची पेटी हा ‘आरपीजी मेकर’वर खेळ बनवायला बसणाऱ्याचा बहुधा पहिला धडा. पात्र पेटीपाशी जाते, बटण दाबताच १०० नाणी मिळतात. पुन्हा दाबले, पुन्हा १००. पेटी रिकामी झाल्याचे खेळाला कोणी सांगितलेलेच नसते.

जपानमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या या सॉफ्टवेअरमालेमुळे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही रोल-प्लेइंग गेम बनवता येऊ लागला. आज्ञा यादीतून निवडता येतात. पण कोणती आज्ञा केव्हा चालावी, हे माणसालाच ठरवावे लागते. म्हणून पहिले कौशल्य अटी मांडण्याचे. ‘स्विच’ चालू किंवा बंद असतो, ‘व्हेरिएबल’ आकडा लक्षात ठेवते. पेटीचा स्वतःचा ‘सेल्फ स्विच’ नाणी देताच चालू करायचा आणि तो चालू असताना लागू होणारे, रिकाम्या पेटीच्या आज्ञांचे दुसरे पान जोडायचे. हा सराव वहीत करता येतो. तो न करता आपोआप सुरू होणाऱ्या ‘ऑटोरन’ला हात घातला, तर प्रसंग संपतच नाही, पात्र जागचे हलत नाही आणि बिचारा नवशिका संगणक अडकला असे समजतो.

दुसरे कौशल्य शाळेतल्या गणिताचे. एमव्ही आणि एमझेड या आवृत्त्यांत साध्या हल्ल्याचे मूळ सूत्र आहे: हल्ल्याची ४ पट वजा बचावाची २ पट. हल्ला २० आणि बचाव १५ असेल, तर इजा सुमारे ५०. बचाव ४० केला की इजा शून्य. मग तलवार कितीही चालवा, राक्षस मरत नाही. ४ पट वजा २ पट हे हाताने सोडवून पाहिल्याशिवाय शत्रूंचे आकडे भरू नयेत.

तिसरे कौशल्य नकाशाचे. तो लहान असावा. एमव्हीच्या मूळ पडद्यावर १७ बाय १३ चौकोन मावतात. सुरुवातीला तेवढी एक खोली पुरे.

चौथे कौशल्य लेखनाचे, आणि त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. एमव्हीत संवादाच्या चौकटीत एका वेळी ४ ओळी मावतात. पात्राला तेवढ्यात बोलते करावे लागते. २०११ सालच्या ‘टू द मून’मध्ये लढाया जवळजवळ नाहीत. मरणशय्येवरच्या एका वृद्धाच्या आठवणी संवाद आणि संगीतातून उलगडतात, तरी तो खेळ जगभर गाजला. तो याच मालेतल्या एक्सपी आवृत्तीवर बनला होता.

जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा नंतर शिकली तरी चालते. आधी एक खोली, एक पेटी, एक दार आणि एक बोलणारे माणूस एवढा खेळ पुरा करावा. तो दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि शेजारी गप्प बसून पाहावे. खेळणारा रिकाम्या पेटीपाशी हमखास दुसऱ्यांदा बटण दाबतो. तिथे नाणी न मिळता ‘पेटी रिकामी आहे’ एवढे उमटले, की पहिला धडा पुरा झाला.