पांढरा शर्ट, काळा बिल्ला

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाला शिकागो हे शहर परकं नाही. शुकदास महाराजांनी इथे विवेकानंदांच्या नावाने आश्रम उभा केला, त्यामुळे शिकागोच्या सर्वधर्म परिषदेतल्या त्यांच्या भाषणाची ११ सप्टेंबर १८९३ ही तारीख या परिसरात शाळेच्या भाषणस्पर्धेपासूनच कानावर पडते. दरवर्षी पौषात तिथीप्रमाणे विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. शेवटच्या दिवशी मोकळ्या रानात पंगती बसतात आणि पुरी नि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वाढली जाते. ती पंगत एकदा बघितलेला माणूस पुढे लग्नातल्या बुफेची तक्रार करत नाही.

त्या शिकागो परिषदेची एक बाजू मात्र आपल्या भाषणांत सहसा येत नाही. तिशीतला एक बंगाली संन्यासी तिथे व्यासपीठावर उभा राहिला, त्याच वेळी अमेरिकेतच जन्मलेल्या एका पंथाला त्या व्यासपीठावर जागा मिळाली नाही. हा पंथ मॉर्मन लोकांचा. जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. १८४४ मध्ये जमावाने त्याला तुरुंगात घुसून मारलं, आणि पुढे ब्रिगहॅम यंगच्या मागे ही मंडळी १८४७ मध्ये यूटाच्या वाळवंटी खोऱ्यात जाऊन वसली. बहुपत्नीत्वामुळे बदनाम झालेल्या या पंथाला परिषदेचं निमंत्रण गेलं नाही. छत्तीस वर्षांचे बी. एच. रॉबर्ट्स पंथाची बाजू मांडायला धडपडले, तेव्हा त्यांना मुख्य सभागृहाऐवजी बाजूच्या एका लहान दालनात बोला असं सांगण्यात आलं. रॉबर्ट्स यांनी नकार दिला. गंमत म्हणजे परिषद सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधीच याच मॉर्मन लोकांच्या गायकवृंदाने शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या स्पर्धेत दुसरं बक्षीस पटकावलं होतं. गाणं चालेल, धर्म नको, असा तो मामला होता.

जगाने दार लावून घेतलं की माणसं एक तर आत कोंडून बसतात, नाहीतर दारोदार फिरतात. मॉर्मन फिरले. आजही फिरतात, आणि फिरतात ती बहुतेक विशीच्या आसपासची पोरं. जगभर मिळून सत्तर हजारांवर. मुलांना अठराव्या वर्षी या धर्मप्रचाराला जाता येतं; मुलींना २०२५ पर्यंत एकोणिसाव्या वर्षी जाता यायचं, आता त्याही अठराव्या वर्षी जाऊ शकतात. मुलांची दोन वर्षं, मुलींची दीड. आपल्याला कुठे पाठवायचं हे त्यांनी ठरवायचं नसतं. पंथाच्या अध्यक्षांच्या सहीचं पत्र येतं, त्यात देश आणि शहर लिहिलेलं असतं. घरचे सगळे जमतात, पत्र उघडलं जातं आणि आई नकाशा शोधायला लागते. खर्चही स्वतःचाच. अमेरिकेतल्या मुलाने किंवा त्याच्या घरच्यांनी महिन्याला ठरावीक रक्कम भरायची. २०२० पासून ती पाचशे डॉलर आहे. ज्याला न्यूयॉर्क मिळालं आणि ज्याला पेरूतलं खेडं मिळालं, दोघांचे घरचे सारखेच पैसे भरतात. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते, कारण नेमणुकीवरून श्रीमंत-गरीब असा भेद राहत नाही.

मोठ्या शहरात त्यांचा दिवस कसा जातो? सकाळी साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ-न्याहारी. आठ वाजता पुस्तक उघडायचं. आधी एकट्याने अभ्यास, मग जोडीदाराबरोबर, आणि परकी भाषा शिकायची असेल तर तिच्यासाठी आणखी वेळ. दहाच्या सुमाराला पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळा बिल्ला लावून बाहेर. बिल्ल्यावर आडनाव, आणि त्याच्या आधी ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा. ओठावर नीट मिसरूडही न फुटलेल्या पोराला दोन वर्षं सगळे वडीलधारा म्हणतात! मुलींना ‘सिस्टर’. रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवे बंद. आता वेगवेगळ्या देशांच्या रीतीप्रमाणे या वेळा थोड्याफार सरकवायची मुभा आहे, पण सांगाडा तोच.

यात सगळ्यात कडक नियम जोडीचा. मिशनरी एकटा कधीच नसतो. न्हाणीघरासारखे मोजके अपवाद सोडले तर जोडीदार नजरेच्या टप्प्यात असलाच पाहिजे. जोडी आपण निवडायची नाही आणि ती टिकतही नाही. साधारण सहा आठवड्यांनी बदल्यांचे आदेश येतात आणि कुणाची तरी उचलबांगडी होते. घोरणारा, सतत घराची आठवण काढणारा, भांडी न घासणारा, जो वाट्याला येईल त्याच्याबरोबर चोवीस तास काढायचे. परत आलेले अनेक जण म्हणतात की अनोळखी दार वाजवणं त्या मानाने सोपं. सिनेमा नाही, मुलींशी फिरणं नाही. आठवड्यातून एक दिवस, बहुतेक सोमवार, कपडे धुवायचा, बाजार करायचा आणि घरी पत्र लिहायचा. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलायची परवानगी मिळाली. पंथाच्या मुख्यालयातून निघालेला तो लहानसा आदेश, पण किती आयांनी त्या दिवशी देव पाण्यातून बाहेर काढले असतील!

बाकीचा दिवस म्हणजे नकार. दार उघडत नाही, उघडलं तर लगेच मिटतं, बसस्टॉपवरचा माणूस मोबाइलमध्ये तोंड घालतो. अलीकडे दारं वाजवण्याऐवजी फेसबुकवरून ओळखी काढण्यावर भर आहे, पण नकार तिथेही असतोच. विमा किंवा वॉटर प्युरिफायर विकत फिरलेल्या आपल्याकडच्या पोरांना हे अनुभव नवे नाहीत. फरक एवढाच की त्यांना महिन्याअखेर कमिशन मिळतं.

या पंथाचे लोक थेट आपल्या मुंबई-पुण्यात येऊन गेले, तेही रेल्वे सुरू व्हायच्या आधी. ह्यू फिंडले नावाचा तिशीतला स्कॉटिश मॉर्मन सप्टेंबर १८५२ मध्ये मुंबईत उतरला. तो एकटाच होता. जोडीचा नियम तेव्हा इतका पक्का नव्हता. त्याच्या आधीच त्याच्या पंथाची बदनामी मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतून पोहोचलेली होती. त्यात भर म्हणजे ऑगस्ट १८५२ च्या शेवटी सॉल्ट लेक सिटीतल्या सभेत मॉर्मन नेत्यांनी बहुपत्नीत्व उघडपणे जाहीर केलं. त्याच सभेत हिंदुस्थानात जायला आणखी काही जण नेमले गेले. त्यांच्यातला अमोस मिल्टन मसर हा अवघा बावीस वर्षांचा. ही मंडळी सॅन फ्रान्सिस्कोहून शिडाच्या जहाजाने निघून एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली तोच हा महिना.

मुंबईत थोडंफार काम झाल्यावर फिंडले पुण्याला गेला. तिथे लष्करी छावणीत गोऱ्या शिपायांना उपदेश करावा असा त्याचा बेत, पण छावणीच्या अधिकाऱ्यांनी त्याला आत राहायला मनाई केली. मग तो छावणीबाहेर राहिला, मराठी शिकायला लागला आणि मराठी माणसांसाठी पत्रकही काढलं. पुण्यात त्याने एक लहानशी शाखा बांधली. तिच्यातले लोक मोजायला दोन हातांची बोटं जेमतेम अपुरी पडावीत, आणि त्यातलेही बरेचसे युरोपीय किंवा मिश्रवंशीय. त्याचा भाऊ ॲलनही मदतीला आला. कलकत्त्याहून मसर आणि ट्रुमन लिओनार्ड कराचीपर्यंत जाऊन आले. खिशात पैसा न ठेवता फिरायचं असं त्यांचं व्रत होतं, म्हणजे जेवण आणि निवारा जो देईल त्याच्यावर. १८५५-५६ पर्यंत बहुतेक सगळे परत गेले आणि पुण्याची शाखा विरली.

चाळीस वर्षं आधी मुंबईतच आलेल्या गॉर्डन हॉल या तरुण अमेरिकन मिशनऱ्याशी ताडून पाहिलं तर फिंडले का फसला ते उमगतं. हॉल मॉर्मन नव्हे; अमेरिकन मराठी मिशनचा. १८१३ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी मुंबईत उतरला, मराठी शिकला, रस्त्यावर, देवळाच्या आवारात लोकांशी बोलला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. माणसं बाटवण्यात त्यालाही मोठं यश आलं नाही. पण त्याच्या मिशनने शाळा काढल्या, छापखाना घातला, बायबलचा नवा करार मराठीत छापला. शाळा, छापखाना आणि पुढे दवाखाना हा मागे राहणारा ऐवज होता. पुढे अहमदनगर, सोलापूर, वाई या पट्ट्यात त्या मिशनचं नाव टिकलं ते याच कामामुळे. फिंडलेकडे मात्र फक्त शब्द होता. त्याच्या पंथाची शिस्तच अशी की आधी ग्रंथ आणि साक्ष, बाकी सगळं नंतर.

आपल्याकडे हा क्रम उलटा लागतो, हे हिवऱ्याच्या पंगतीतही दिसतं. शुकदास महाराजांकडे लोक आधी दुखणं घेऊन, औषधासाठी यायचे. विवेकानंद नंतर कळायचे. आधी पोट, आधी दुखणं, मग तत्त्वज्ञान. शिवाय आपल्याकडे धर्म हा एकट्या माणसाचा निर्णय नसतो. दारात उभ्या राहिलेल्या पोराला वाटतं की मी या गृहस्थाशी बोलतोय. प्रत्यक्षात त्या गृहस्थाच्या मागे आई, भाऊबंद, सोयरे आणि लग्नाची मुलगी असं अख्खं घर उभं असतं. त्यामुळे बेंगळुरूत १९९३ मध्ये आणि दिल्लीत २००७ मध्ये त्यांची मिशनं स्थापन झाली, तरी दीडशे कोटींच्या या देशात पंथाचे लोक अजूनही हजारांतच मोजले जातात. ज्या पंथाने शंभर वर्षांत अर्धं जग पालथं घातलं, त्याच्या मानाने हे अपयशच.

मग तरुण पोरांची दोन वर्षं वाया जातात का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आळंदीत आहे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मराठी खेड्यांतली पोरं चार वर्षं राहतात. गाथा, ज्ञानेश्वरी, पखवाज, पहाटे उठणं, पूर्वी तर माधुकरी मागून जेवणं. चार वर्षांनी परतलेला प्रत्येक जण नामांकित कीर्तनकार होतो असं नाही. बरेच शेती करतात, दुकान टाकतात. पण सप्ताह लागला की गाव त्यांच्याकडेच बघतं. मॉर्मन पंथाचंही तसंच आहे. दोन वर्षं नकार पचवून आलेला पोरगा पुढे लग्न करतो, नोकरी धरतो, आणि पंथाचं स्थानिक काम पगाराशिवाय सांभाळतो. कारण त्यांच्या स्थानिक मंडळींत पगारी धर्मगुरू नसतात. बाहेरच्यांना बाटवायला म्हणून पाठवलेला पोरगा स्वतःच घट्ट होऊन परततो. पंथाला खरा नफा तिथे आहे, आणि पंथाच्या पुढाऱ्यांना तो चांगला ठाऊक असणार.

उरला चहा. १८३३ च्या एका उपदेशानुसार मॉर्मनांना चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. आपल्याकडे पाहुणा उंबऱ्यात आला की आधण चढतं आणि ‘घोटभर घ्या’ला नाही म्हणणं जवळजवळ अपमान. फिंडलेने हे पुण्यात कसं निभावलं असेल कोण जाणे. बेंगळुरूत किंवा दिल्लीत काळ्या बिल्ल्याची ही जोडी भेटली, तर त्यांचं म्हणणं पटवून घ्यायची काही सक्ती नाही. नको असेल तर सरळ नको म्हणावं, त्यांना त्याची सवय आहे. घरी आलेच तर चहाचा आग्रह मात्र करू नका. लिंबू सरबत चालतं, कोकम तर फारच चांगलं.