धुणे झाल्यावर मोडणारे रेणू

1950 च्या दशकात पश्चिम जर्मनीतील नेकार, माइन यांसारख्या नद्यांच्या बंधाऱ्यांपाशी पांढऱ्या फेसाचे डोंगर साचू लागले. ब्रिटनमध्ये तोच फेस मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांवरून वाऱ्याने उडत असे. या फेसाच्या मुळाशी होती महायुद्धानंतर घरोघर पोचलेली धुण्याची नवी पावडर. कामाला ती चोख होती. दुष्फेन पाण्यात साबणाचा चिकट साका होतो, तसा तिचा होत नसे. पण कपडे धुऊन झाले तरी तिचा रेणू शाबूतच राहायचा.

मळ सोडवणाऱ्या अशा पदार्थाला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमते आणि दुसऱ्या टोकाची लांब कार्बनसाखळी तेलकटाला धरते. त्या काळी ही साखळी स्वस्त प्रॉपिलीनचे चार रेणू जोडून तयार करत. बारा कार्बन जमायचे, पण साखळीला जागोजाग फाटे फुटायचे आणि घात तिथेच व्हायचा. जिवाणू साखळीच्या मोकळ्या टोकाला ऑक्सिजन जोडून त्याचे आम्ल करतात आणि मग, ऊस एका टोकाने पेर पेर तोडून खावा तसे, एका खेपेला दोन कार्बन तोडत आत सरकतात. फाटा आला की गती मंदावते. साखळीतल्या एखाद्या कार्बनाला चारही बाजूंनी कार्बनच जोडलेले असतील तर ही तोड तिथेच अडते.

पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये कायदा केला आणि ऑक्टोबर 1964 पासून सर्फॅक्टंटचे निदान 80 टक्के विघटन बंधनकारक केले. रसायनतज्ज्ञांचे उत्तर साधे होते: कार्बन तितकेच ठेवायचे, साखळी मात्र सरळ करायची. अशा सरळ साखळ्या केरोसीनमध्ये असतात, पण फाटे असलेल्या रेणूंत मिसळलेल्या. त्या वेगळ्या काढण्याची युक्ती मला या सगळ्या कथेतली सर्वांत देखणी वाटते. झिओलाइट नावाच्या खनिजाच्या एका प्रकारात सुमारे 0.5 नॅनोमीटर रुंदीची छिद्रे असतात. सरळ रेणू त्यांत शिरतात, फाटेवाले बाहेर राहतात. मग त्या साखळ्या बेंझीनला जोडतात आणि त्यावर सल्फोनेट गट बसवतात. लिनिअर अल्किलबेंझीन सल्फोनेट, म्हणजेच लास, तो हाच. आज जगभरच्या धुण्याच्या पावडरींचा तो मोठा आधार आहे. त्याचा कच्चा माल, लिनिअर अल्किलबेंझीन, आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या कारखान्यातही तयार होतो.

पण फेस गेला म्हणजे रेणू संपला असे नाही. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट या दुसऱ्या एका सर्फॅक्टंटने हे दाखवून दिले. त्याचा पाण्यात रमणारा भाग जिवाणू भराभर खातात, पण मागे उरणारे नोनिलफिनॉल टिकाऊ असते आणि माशांच्या शरीरात स्त्री-संप्रेरकाची नक्कल करते. म्हणून आता विघटन कुठवर गेले ते तपासतात: 28 दिवसांत रेणूतला किती कार्बन थेट कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोचला? 2005 पासून लागू झालेल्या युरोपीय नियमाने सर्फॅक्टंटसाठी असे संपूर्ण विघटन सक्तीचे केले.

खरे कसब दिसते ते कपडे मऊ करणाऱ्या द्रवात. पाण्यात कापडावर ऋणभार असतो, म्हणून या द्रवात धनभारित नायट्रोजन आणि त्याला दोन लांब साखळ्या असलेला रेणू वापरत. तो कापडाला घट्ट चिकटे, तसाच मैलागाळालाही, आणि तिथे हटता हटत नसे. 1990 च्या दशकाच्या आरंभी युरोपात त्याची जागा एस्टरक्वाटने घेतली. यात नायट्रोजन आणि साखळ्या यांच्यामध्ये मुद्दाम एस्टरबंध घातलेला असतो. सांडपाण्यात तो तुटला की एकीकडे साधे मेदाम्ल सुटते, दुसरीकडे पाण्यात विरघळणारा छोटा तुकडा, आणि जिवाणू दोन्ही खाऊन टाकतात. मात्र हाच बंध दुकानातल्या बाटलीत तुटला तर माल फुकट. म्हणून तो द्रव बराच आम्लधर्मी, पीएच 3 च्या आसपास, ठेवतात. बाटलीत महिनोन्‌महिने टिकणारा आणि गटारात गेल्यावर मोडणारा रेणू जुळवणे हे फार नाजूक काम आहे.

आपल्याकडे प्रश्न आणखी एका ठिकाणी अडतो. लासच्या साखळीवरचा पहिला घाव घालायला जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. शुद्धीकरण केंद्राच्या हवा खेळत्या टाकीत तो मिळतो, तुंबलेल्या काळ्या नाल्यात मिळत नाही. आळंदीत इंद्रायणी वारंवार फेसाळते. तिच्यात कारखान्यांच्या पाण्याबरोबर प्रक्रिया न केलेले सांडपाणीही येते. अशा पाण्यात जैवविघटनशील म्हणून उत्तीर्ण झालेला रेणूही अडकून पडतो. मेदअल्कोहोलांपासून केलेली सल्फेटे आणि साखरेला साखळी जोडून केलेली अल्किल पॉलिग्लुकोसाइडे ऑक्सिजनविनाही मोडतात. जिथे सांडपाण्याचा मोठा वाटा केंद्रापर्यंत पोचतच नाही, तिथे सर्फॅक्टंट निवडताना ऑक्सिजनविना होणारी परीक्षाही सक्तीची असायला हवी.