उतरवता येणारी शाळा

सरदार सरोवराचे पाणी नर्मदेच्या काठाने चढू लागले तेव्हा धडगाव तालुक्यातल्या कितीतरी कुटुंबांनी आपली घरे उतरवून घेतली. आधी कौले काढली, मग वासे, मग कुड सोडवले, तुळया खाली घेतल्या, सागाचे खांब उपटले आणि ते सगळे खांद्यावरून चढावर नेऊन त्याच लाकडाचे घर पुन्हा उभे केले. पावरा आणि भिल्लांच्या घराची बांधणीच तशी आहे. खांबाच्या बेचक्यात आडवी तुळई बसते, भिंत म्हणजे चिरलेल्या बांबूचा विणलेला आणि शेणमातीने सारवलेला कुड. छपराचा भार खांबांवर, भिंतीवर काहीच नाही. भाग आधी घडवायचे आणि जागेवर नुसते जोडायचे, याला बांधकामाच्या धंद्यात ‘प्रीफॅब’ म्हणतात. सातपुड्यात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी, निमगव्हाण इथे नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा सुरू झाल्या, त्याही लाकूड-बांबूच्याच. म्हणून वाटते, या डोंगरातल्या सरकारी वर्गखोल्यांसाठीही लाकडी सांगाड्याचा गंभीरपणे विचार व्हावा.

मुख्य कारण वाहतुकीचे. एक घनमीटर काँक्रीट सुमारे 2,400 किलो भरते, तेवढेच सागवान साधारण 650 किलो. ट्रक जिथे थांबतो तिथून पाड्यापर्यंत वाळू, खडी, सिमेंट आणि सळई चढवायची, आणि तीही उन्हाळ्यात, कारण बांधकामाचा हंगाम तोच. नेमके तेव्हाच झरे आटलेले असतात आणि काँक्रीटला रोज पाणी मारावे लागते. ते नीट मारले गेले नाही की स्लॅब कच्चा राहतो आणि काही पावसाळ्यांतच गळू लागतो. पत्र्याची शेड स्वस्त पडते खरी, पण एप्रिलमध्ये तिच्यात बसवत नाही आणि जुलैत पावसाच्या आवाजात गुरुजींचे बोलणे मागच्या मुलांपर्यंत पोचत नाही. लाकडी सांगाड्यावर कौले, खाली बांबूची चटई आणि दोहोंमध्ये हवेला जागा, एवढ्यानेही दोन्ही त्रास पुष्कळ कमी होतात. शिवाय सुक्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन कार्बनचे असते; खोली उभी असेपर्यंत तो हवेत जात नाही.

मग जंगल तोडायचे का? नाही. वनविकास महामंडळ लागवडीचे सागवान रीतसर विकते. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी महामंडळाचे सागवान बल्लारपूरहून गेले, तसे धडगावलाही येऊ शकते. वाळवीची भीती रास्त आहे. त्यावर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात भिजवलेले लाकूड-बांबू हा उपाय आहे; मात्र बोरॉन पावसाने धुऊन जाते, म्हणून छपराच्या पागोळ्या लांब हव्यात आणि खांब दगडी जोत्यावर हवेत. आगीचा आक्षेप सर्वांत गंभीर. 2004 मध्ये कुंभकोणमच्या शाळेत 94 मुले गेली, हे कुणी विसरू नये. तिथे स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली होती. जाड तुळई मिनिटाला एक मिलिमीटरहूनही कमी जळते, वरचा कोळसा आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो. पण बांबूचा कुड आणि चटई लवकर पेटतात. तेव्हा कुडावर दोन्ही बाजूंनी मातीचा किंवा चुन्याचा गिलावा, पोषण आहाराची चूल वेगळ्या इमारतीत आणि प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी दोन दारे, यात तडजोड नको.

एक आक्षेप मात्र तांत्रिक नाही. शहराला सिमेंटची शाळा आणि आदिवासींना लाकडाची, असे का? हा प्रश्न ज्यांनी वर्षानुवर्षे दुय्यम वागणूक सोसली त्यांचा आहे, त्याला आकड्यांनी उत्तर देता येत नाही. पण ‘पक्के’ म्हणजे सिमेंट, हे समीकरण तसे अलीकडचे. पुण्याची संस्कृत पाठशाळा 1821 मध्ये सुरू झाली ती विश्रामबागवाड्यात, सागाच्या खांबांमध्ये. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने लाकूड वापरावर 1993 मध्ये घातलेली बंदी 2020 मध्ये उठवली. तरीही निर्णय ग्रामसभेचाच असावा, आणि गावाने काँक्रीट मागितले तर ते मिळालेच पाहिजे. जिल्हा परिषदेने आधी एक खोली बांधून दाखवावी. भाग धडगावात घडवावेत, जोडणी पाड्यावरच्या सुतारांनी मजुरी घेऊन करावी, आणि दोन पावसाळ्यांनंतर तिथल्या मुलांना व गुरुजींना विचारावे.