व्रण आणि वण

मराठीच्या प्राध्यापकाने शब्दांना लाजू नये. पण गेल्या पावसाळ्यात कमरेतून कळ उठली, तेव्हा 'मुतखडा' हा शब्द काही माझ्या तोंडून निघेना! सहकाऱ्यांना मी 'पाठ धरली आहे' एवढेच सांगितले.

लाजेपेक्षा भीती मोठी होती. बापूंच्या कुशीवर वीतभर वण आहे. १९८३ साली कूस उघडून त्यांच्या मूत्रपिंडातला खडा काढला, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. पुढे कित्येक महिने त्यांना मला कडेवर घेता आले नाही, असे आई सांगे. माझी धाकटी लेकही आता दोन वर्षांचीच आहे.

डॉक्टर म्हणाले, "पाठीला सेंटिमीटरभराचे एक छिद्र पाडू. त्यातून दुर्बीण घालायची, खडा फोडायचा आणि तुकडे चिमट्याने काढायचे."

या छिद्रामागे मोठा इतिहास आहे. खरी अडचण होती ती आत उजेड नेण्याची. १८०६ साली जर्मनीतल्या फिलिप बोत्सिनीने मेणबत्तीचा उजेड आरशाच्या साहाय्याने नळीतून शरीरात सोडला. १८७९ साली नित्सेने विजेने तापवलेली तार नळीच्या टोकाशी बसवून दिवाच मूत्राशयात नेला. ती गार ठेवायला पाणी खेळवावे लागे! पुढे इंग्लंडातल्या हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञाने काचेच्या कांड्या बसवून दुर्बिणीतले चित्र लख्ख केले. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी पाठीतून केलेल्या वाटेने मूत्रपिंडातला खडा काढला. १९९० साली अमेरिकेत क्लेमन यांनी तर पोटाला लहान छिद्रे पाडून आजारी मूत्रपिंडच बाहेर काढले.

छिद्र लहान म्हणून शस्त्रक्रियाही लहान, असे मात्र कोणी समजू नये. रक्तस्रावाचे, जंतुसंसर्गाचे भय इथेही असतेच. लघवीच्या पिशवीतला लाल रंग पाहून दोन दिवस माझा धीर पार खचला होता.

संस्कृतातल्या 'व्रणा'चा मराठीत 'वण' झाला. जखम भरली, खूण उरली. माझी खूण मसुराएवढी. घरी आल्यावर बापूंनी चष्मा लावून ती निरखली आणि विचारले, "अरे, खडा काढला, की नुसतेच बिल दिलेस?"

महिन्याने डॉक्टरांची परवानगी मिळाली आणि मी लेकीला कडेवर घेतले. बापू समोरच बसले होते. त्यांचा हात नकळत आपल्या कुशीवर गेला, आणि बराच वेळ तिथेच राहिला.