आपल्या गावाचा इतिहास कोठे शोधावा? : विद्यापीठीय ग्रंथालयांचे डिजिटल संग्रह आणि मेहकर परिसर

आपल्या आजोबा-पणजोबांचे जीवन कसे होते, हा प्रश्न आज प्रत्येक बौद्ध कुटुंबातील शिकलेल्या तरुणाच्या मनात केव्हा ना केव्हा उभा राहतो. घरात वंशावळ नसते, दानपत्र नसते, सनद तर नसतेच. ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या घरी कागद कोठून असणार? म्हणून आपल्याला इतिहासच नाही, असा समज रूढ झाला. परंतु हा समज तपासून पाहण्याची साधने आता आपल्या हाताशी आली आहेत. बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव उदाहरणादाखल घेऊन त्या साधनांचा विचार येथे करावयाचा आहे.

पूर्वी असा शोध घेणाऱ्यास मुंबई, पुणे, नागपूर येथील ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आता अनेक विद्यापीठांनी आपले जुने ग्रंथ पृष्ठागणिक छायाचित्रित करून संगणकावर सर्वांसाठी खुले केले आहेत. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था हे अभिमत विद्यापीठ आहे. तिच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने दुर्मिळ ग्रंथांचे व शासकीय अहवालांचे मोठे डिजिटल भांडार उभे केले आहे. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात 'इम्पीरियल गॅझेटियर'चे २६ खंड वाचता येतात. त्याच्या नवव्या खंडात बुलडाणा, सोळाव्यात लोणार आणि सतराव्यात मेहकर यांची माहिती आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी होते, त्या विद्यापीठानेही त्यांच्या १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथाची मूळ इंग्रजी संहिता टिपांसह संगणकावर उपलब्ध केली आहे.

मात्र अशा संग्रहात 'हिवरा आश्रम' हे नाव घालून शोध घेणाऱ्याच्या पदरी निराशा येईल. हिवराच्या झाडावरून पडलेले 'हिवरा' हे नाव विदर्भात ठिकठिकाणी आढळते. 'आश्रम' हा शब्द त्यास शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोडला गेला. त्यापूर्वीच्या कागदांत तो असणे शक्य नाही. इंग्रज अधिकारी गावांची नावे कानास जशी वाटली तशी लिहीत, म्हणून एकाच गावाची दोन-तीन इंग्रजी रूपे लक्षात ठेवावी लागतात. शिवाय जुना देवनागरी मजकूर संगणकाला नीट वाचता येत नाही. यासाठी शोधाची सुरुवात गावापासून न करता तालुक्यापासून करावी आणि शब्दशोधावर विसंबून न राहता पाने स्वतः चाळावीत.

राज्य कोणाचे, हे आधी पाहावे

दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपला मुलूख कोणत्या वर्षी कोणत्या राज्यात होता, हे ठाऊक असणे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला आणि तो 'हैदराबाद अमानती जिल्हे' म्हणून ओळखला जाऊ लागला. ए. सी. लायल यांनी १८७० मध्ये सिद्ध केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर याच काळातील आहे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडला गेला. त्यानंतर १९१० मध्ये ए. ई. नेल्सन यांनी संपादित केलेले बुलडाणा जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्यानंतर हा भाग मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. जिल्ह्याची हद्दही बदलली. १९०५ च्या पुनर्रचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्याकडून बुलडाण्याकडे आले. आज स्वतंत्र तालुके असलेली लोणार आणि सिंदखेड राजा ही ठिकाणे त्या काळी मेहकर तालुक्यात मोडत.

हा तपशील कोरडा वाटेल, पण तो विसरल्यास अनुमाने चुकतात. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. ते १८७४ च्या मुंबई इलाख्यातील वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे होते. मेहकर मुंबई इलाख्यात नव्हते, म्हणून तो कायदा जसाच्या तसा येथील महारकीस लावून चालणार नाही. वऱ्हाडातील गावकामगारांचे हक्क वऱ्हाडच्याच महसुली कागदांतून शोधावे लागतील.

धम्मदीक्षा आणि जनगणना

याहून जिव्हाळ्याचे उदाहरण धम्मदीक्षेचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि बुलडाणाही त्याच राज्यात होता. म्हणून जिल्ह्याची १९५१ ची जनगणना मध्य प्रदेशाच्या खंडात आणि १९६१ ची महाराष्ट्राच्या खंडात पाहावी लागते. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात १९५१ मध्ये बौद्धांची नोंद अवघी २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. दहा वर्षांतील या फरकात आपल्या प्रत्येक गावाचा वाटा आहे.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी. १९६१ मध्ये बौद्ध म्हणून नोंद झालेली माणसे अनुसूचित जातींच्या रकान्यात मोजली गेली नाहीत. त्यामुळे केवळ तोच रकाना पाहणाऱ्यास वस्ती अचानक घटल्याचा भास होतो. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. म्हणून त्या काळचे दोन्ही रकाने शेजारी ठेवूनच वाचले पाहिजेत. धर्मांतराची नोंद करताना कोणी कचरले असेल, कोणाची नोंद प्रगणकाने जुन्याच नावाने केली असेल, हेही मनात धरावे.

लिहिणारा कोण, हेही पाहावे

गॅझेटियर हा राज्यकर्त्यांचा ग्रंथ होय. सारा किती येतो, पीक कोणते निघते, शांतता कशी राखावी, या प्रश्नांसाठी तो लिहिला गेला. मेहकरचे नाव मेघंकर नावाच्या राक्षसावरून पडले आणि शार्ङ्गधराने त्याचा वध केला, ही आख्यायिका जुन्या गॅझेटियरांतून आवर्जून दिलेली आढळते. महारवाड्यातील माणसे स्वतःविषयी काय सांगत होती, हे मात्र तेथे सापडत नाही. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांत महार समाजावर दीर्घ प्रकरण आहे. पण त्याची भाषा 'अपवित्र', 'हलकी जात' या वरच्या वर्गाच्या कल्पना गृहीत धरून चालते. कालामांना भगवान बुद्धांनी दिलेला उपदेश येथे उपयोगी पडतो. परंपरेने चालत आले किंवा ग्रंथात लिहिले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हे त्याचे सार. म्हणून अशा ग्रंथातील कामांच्या, हक्कांच्या व बलुत्याच्या नोंदी घ्याव्यात. त्यातील मूल्यनिर्णय मात्र पारखून बाजूस ठेवावेत.

येसकर, तराळ, हाडोळा यांसारखे शब्द आजच्या मुलांना अपरिचित झाले आहेत. शिकागोच्याच संग्रहात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे. असे शब्द तेथे पाहता येतात. आपली बाजू ऐकावयाची असेल, तर 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) यांच्या अंकांकडे वळावे लागते. गावोगावच्या सभा, पाणवठ्यावरचे अन्याय, बहिष्काराच्या वार्ता या पत्रांत येत. गॅझेटियरने जे वगळले, ते येथे शोधावे.

तरीही डिजिटल संग्रह म्हणजे संपूर्ण इतिहास नव्हे. ज्याचा कागद झाला, तेवढेच त्यात आले. १९५६ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण आज नव्वदीच्या घरात आहे. नागपूरला कोण गेले, कसे गेले, परतल्यावर घरातील देव कोणी विसर्जित केले, मेलेली ढोरे ओढण्यास गावात प्रथम नकार कोणी दिला, याची उत्तरे शिकागोत नाहीत आणि पुण्यातही नाहीत. ती आपल्या विहाराच्या ओट्यावर बसलेल्या वृद्ध उपासक-उपासिकांपाशी आहेत. गॅझेटियर आणखी शंभर वर्षे टिकेल, ही आठवण टिकणार नाही.

म्हणून प्रत्येक विहाराने एक वही घालावी. ग्रंथातील माहितीपुढे ग्रंथाचे नाव, वर्ष व पृष्ठ लिहावे. सांगीव माहितीपुढे सांगणाऱ्याचे नाव, वय व दिनांक लिहावा, आणि दोहोंत विसंगती आढळल्यास दोन्ही जपून ठेवाव्यात. जुने शाळेचे दाखले, सभेची पत्रके, छायाचित्रे यांच्या प्रती काढाव्यात. जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच्या ग्रंथालयाकडे अशा प्रती सुपूर्द करता येतील काय, याचाही विचार व्हावा. आजवर इतरांनी आपल्याविषयी लिहिलेले संग्रहात गेले. यापुढे आपण स्वतःविषयी लिहिलेलेही तेथे असले पाहिजे.