दुसऱ्या पट्ट्याची जागा

फळमाशीचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर. सफरचंदाच्या रसाच्या अगारवर यीस्टचा लगदा लावून ठेवला की माश्या त्यावर रात्रभर अंडी घालतात. सकाळी ती ब्रशने जाळीवर घ्यायची आणि पातळ ब्लीचमध्ये दोन-तीन मिनिटं धरून कवच उतरवायचं. आतलं आवरण जास्त चिवट. फॉर्माल्डिहाइडने भ्रूण पक्के झाले की मिथेनॉल घालून बाटली जोरात हलवायची. आवरण फुटलेले भ्रूण तळाशी बसतात, तेवढेच कामाचे.

मग ‘इव्हन-स्किप्ड’ या जनुकाचा आरएनए हुडकणारा प्रोब रात्रभर, नंतर अँटिबॉडी, शेवटी रंगाचं द्रावण. इथून पुढे सूक्ष्मदर्शकावरून डोळा हलवायचा नाही. घाई केली तर पट्टे फिके राहतात, उशीर झाला तर सगळा भ्रूणच जांभळा.

तीन तासांच्या भ्रूणात सहा हजारांच्या आसपास केंद्रकं असतात आणि सगळ्यांत डीएनए तोच. तरी सात पट्टे उमटतात! मी आधी दुसरा शोधते. त्यासाठी जनुकाच्या अलीकडचा ४८० अक्षरांचा डीएनए-तुकडा, म्हणजे एन्हान्सर, पुरतो, हे स्टीफन स्मॉल, मायकेल लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९९२मध्ये दाखवलं. बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं या तुकड्यावर बसून जनुक चालू करतात. बायकॉइडचा आरएनए आईनेच अंड्याच्या डोक्याकडच्या टोकाला ठेवलेला असतो. तिथून प्रथिन शेपटीकडे विरळ होत जातं. पण ही दोन्ही प्रथिनं पट्ट्याच्या पुढेही भरपूर असतात. मग पट्टा तिथे का पसरत नाही? कारण पुढून जायंट आणि मागून क्रुपल ही प्रथिनं त्याच तुकड्यावर बसून जनुक दाबतात. दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतच ते बोलतं. जायंट नसलेल्या भ्रूणात पट्टा डोक्याकडे सरकत रुंद होतो. मला या नकाराचं मोल होकाराहून अधिक वाटतं, कारण पट्ट्याची रेखीव कड त्यानेच येते.

रात्रभराच्या अंड्यांत मोठे भ्रूणही येतात. त्यांच्यात पट्टे पुसलेले असतात आणि तेच जनुक मोजक्या चेतापेशींत, तसंच हृदयाला लागून असलेल्या पेशींत चालू झालेलं दिसतं. त्यासाठी जनुकाच्या पलीकडच्या बाजूला वेगळे एन्हान्सर आहेत. हृदयालगतच्या पेशींच्या एन्हान्सरवर टिनमॅन हे प्रथिन बसतं. ते नसेल तर माशीला हृदयच होत नाही. दुसऱ्या पट्ट्याचा तुकडा या पेशींतही शाबूत असतो, पण बायकॉइड एव्हाना संपलेलं असतं.